मोंटारा एच-१ : कागदावर दोन टोपणं, विहिरीवर एक

समुद्रातल्या विहिरींच्या मंजुऱ्यांचा विषय निघाला की सगळे मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन रिगच्या २०१० मधल्या स्फोटावर येऊन थांबतात. ११ माणसं गेली, बीपीसारखं मोठं नाव, साहजिकच आहे. पण मंजुरीच्या टेबलावर बसणाऱ्याने आधी वाचावं असं प्रकरण माझ्या मते दुसरंच आहे, तिमोर समुद्रातलं मोंटारा, विहीर उसळून समुद्रात तेल गेल्याचं, जे त्याच्या आठ महिने आधी घडलं आणि कोणी दगावलं नाही म्हणून लोक पटकन विसरूनही गेले.

मी वडोदऱ्यात एका कन्सल्टन्सीत विहिरींचे कागद बघते. ऑपरेटर, म्हणजे विहिरीचं काम करणारी कंपनी, कामाचा जो प्रोग्राम बनवतो तो सरकारी टेबलावर जायच्या आधी आमच्याकडून तपासून जातो. गावात तेलाची माणसं भरपूर, मकरपुरा रोडला ओएनजीसीचं मोठं ठाणं असल्यामुळे दांडिया बाजार नि नवापुऱ्यातल्या मराठी घरांमधे एखादा तरी काका रिगवरून रिटायर झालेला सापडतोच, आणि आमच्या ऑफिसातही मराठी-गुजराती-इंग्रजी मिसळून चालतं. नवीन पोरं आली की मी त्यांच्या हातात मोंटाराचं प्रकरण देते, आणि मग पहिले दोन-तीन तास तेच मला शिकवत बसतात की यात रेग्युलेटरची, म्हणजे मंजुरी देणाऱ्या खात्याची, काही चूकच नव्हती म्हणून. या वर्षी त्या पोरांत माझा भाचाच आहे, त्यामुळे वादाला ऑफिस सुटल्यावरही सुटका नाही.

तर प्रकरण असं. मोंटारा फील्ड ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यापासून साधारण २५० किलोमीटर आत. पाणी ७५-८० मीटर, म्हणजे आपल्या मुंबई हायच्याच जातीचं, समुद्रतळावर पाय टेकवून उभ्या राहणाऱ्या जॅक-अप रिगने करायचं रोजचं काम. अतिखोल समुद्र, अफाट प्रेशर वगैरे काही नव्हतं, हे मुद्दाम सांगते कारण ‘ते अवघड काम होतं म्हणून झालं’ ही पळवाट इथे मिळत नाही. ऑपरेटर होता थायलंडच्या पीटीटीईपी कंपनीची ऑस्ट्रेलियन शाखा, त्यांनी हे फील्ड २००९ च्या सुरुवातीलाच कूगी रिसोर्सेसकडून घेतलं होतं. रिगचं नाव वेस्ट अॅटलस.

आता मंजुरी देणारं कोण? पाणी केंद्र सरकारचं, पण तिथल्या विहिरींवर देखरेखीचं काम सोपवलेलं होतं नॉर्दर्न टेरिटरी या प्रांताच्या रिसोर्सेस खात्याकडे. रिगवरच्या माणसांच्या सुरक्षेसाठी नोप्सा नावाची वेगळी राष्ट्रीय संस्था होती, पण विहीर धड आहे का हे बघणं तेव्हा तिच्या कक्षेत नव्हतं. म्हणजे विहिरीचा धनी एक नि तिच्यावर उभ्या असलेल्या माणसांचा धनी दुसरा. नियम २००४ चे, आणि ते ‘इतके फूट सिमेंट घाला’ असं सांगणारे नव्हते, त्यात ऑपरेटरने स्वतः वेल ऑपरेशन्स मॅनेजमेंट प्लॅन लिहायचा, आपली पद्धत आपणच ठरवायची आणि रेग्युलेटरने ती स्वीकारायची. कल्पना वाईट नाही, मी तर म्हणेन चांगली आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की स्वीकारणारा वाचून, समजून, उलट प्रश्न विचारून स्वीकारेल.

७ मार्च २००९. मोंटाराच्या एच-१ विहिरीत ९-५/८ इंची केसिंगला, म्हणजे विहिरीत उतरवलेल्या पोलादी पाईपला, खाली सिमेंट भरलं. ही विहीर खाली जवळजवळ आडवी होती आणि केसिंगचं बूड, म्हणजे शू, थेट तेलाच्या थरात बसलेलं. सिमेंट परत वर येऊ नये म्हणून खाली फ्लोट व्हॉल्व्ह असतात, ते एकाच दिशेने उघडतात. पंपिंग झाल्यावर प्रेशर चढवून टेस्ट घेतली आणि सोडलं. प्रेशर सोडल्यावर दाबलेलं द्रव थोडं परत येतंच, हिशोबाने सव्वानऊ बॅरल यायला हवं होतं. आलं साडेसोळा. रिगवर टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला हा आकडा दिसतो, त्यासाठी कसलं सॉफ्टवेअर लागत नाही. जास्तीचं आलं म्हणजे खालचे व्हॉल्व्ह धरत नाहीयेत, बास, दुसरा अर्थच नाही. त्यांनी काय केलं तर ते साडेसोळाच्या साडेसोळा बॅरल परत आत ढकललं, विहीर बंद करून सिमेंट सुकायची वाट बघितली आणि पुढच्या कामाला लागले.

नंतरच्या चौकशी आयोगाचा निष्कर्ष असा की याच ढकलण्यात शूमधलं सिमेंट पुढे सरकलं आणि त्याची जागा द्रवाने घेतली. याला धंद्यात ‘वेट शू’ म्हणतात. विहिरीचा सगळ्यात खालचा, सगळ्यात महत्त्वाचा अडसर त्या दिवशीच गेला होता, आणि तो धड आहे का याची नंतर कोणी टेस्ट घेतली नाही. त्या दिवसाच्या ड्रिलिंग रिपोर्टमधे ही गडबड नोंदलेली होती. लपवाछपवी नाही, सगळं लिहिलेलं, किनाऱ्यावरच्या ऑफिसात पोचलेलं. फक्त कोणी ‘थांबा’ म्हटलं नाही.

इथपर्यंत ही इंजिनिअरिंगची चूक आहे, ती कुठेही होऊ शकते. खरं प्रकरण पुढे आहे.

प्लॅन असा होता की विहिरी एकामागून एक खणून तात्पुरत्या बंद करायच्या, रिग दुसऱ्या कामावर जाईल, वेलहेड प्लॅटफॉर्म तयार झाला की रिग परत येऊन पुढचं काम करेल. तात्पुरती बंद करायची म्हणजे वरच्या बाजूलाही एक अडसर हवा. मूळ प्रोग्राममधे त्यासाठी सिमेंट प्लग, म्हणजे पाईपमधे सिमेंटचं बूच, होता. मार्चमधे कंपनीने बदलाचा अर्ज केला, की सिमेंट प्लगऐवजी आम्ही केसिंगच्या तोंडावर प्रेशर-कंटेनिंग अँटी-करोजन कॅप बसवतो, एक ९-५/८ च्या तोंडावर आणि एक तिच्या बाहेरच्या १३-३/८ इंची केसिंगच्या. कारण समजण्यासारखं आहे, सिमेंट प्लग घातला की परत आल्यावर तो खणून काढावा लागतो, रिगचा वेळ जातो, कॅप फिरवली की निघते. नॉर्दर्न टेरिटरीच्या खात्याने फार काही न विचारता हा बदल मंजूर केला.

ही कॅप मुळात केसिंगचे आटे गंजू नयेत म्हणून असते. थोडं प्रेशर धरते हे खरं. पण गॅस सिलिंडरच्या तोंडावर दोरीने लटकवलेलं ते प्लास्टिकचं टोपण असतं ना, तेही थोडी गळती थोपवतं, म्हणून त्याच्या भरवशावर आतला व्हॉल्व्ह बिघडलेला सिलिंडर कोणी घरात ठेवून घेत नाही. ब्लोआउट, म्हणजे विहिरीची बेकाबू उसळी, रोखणारा अडसर म्हणून तिच्यावर विसंबायला नको होतं हे आयोगाने स्वच्छ म्हटलंय. बरं, ती बसवल्यावर जागेवर टेस्टसुद्धा केली नाही.

आणि त्याहून कहर म्हणजे दोन कॅप मंजूर झाल्या आणि बसली एकच. १३-३/८ वाली कधी बसलीच नाही. एप्रिलमधे वेस्ट अॅटलस निघून गेला. पुढचे साधारण चार महिने एच-१ अशी उभी होती : बुडाशी वाहून गेलेलं सिमेंट, वर टेस्ट न केलेली एक कॅप, आणि मधे गंजरोधक मिसळलेलं समुद्राचं पाणी, जे खालच्या थराचं प्रेशर पेलण्याइतकं जड नव्हतं. फाईलमधे मात्र विहीर व्यवस्थित बंद, नियमाप्रमाणे.

जुलैमधे रिग परत यायच्या आधी पुढच्या टप्प्याचा प्रोग्राम मंजुरीला गेला आणि तोही मंजूर झाला. आयोगाने यावर जे म्हटलंय ते मी पोरांना मुद्दाम वाचून दाखवते, की हा प्रोग्राम तेलक्षेत्रातल्या शहाण्या पद्धतीला धरून नव्हता आणि खात्याने तो मंजूरच करायला नको होता. मंजुरीची ही दुसरी संधी होती. एच-१ आत्ता कुठल्या स्थितीत आहे, तिची शेवटची टेस्ट कोणती, ती कोणी बघितली, एवढं जरी जुलैत विचारलं असतं तरी कोणीतरी मार्चचा रिपोर्ट उघडून बसला असता. कॅप बसवल्याची नोंद शोधायला गेले असते तर दुसऱ्या कॅपची सापडली नसती.

२० ऑगस्टला काम सुरू झालं. एच-१ वरचं कचरा-धूळ अडवायचं झाकण काढलं तर खाली १३-३/८ ची कॅप नाहीच! आता नीट विचार करा, हा क्षण फार मोलाचा होता, देवाने दिलेली तिसरी संधी म्हणा हवं तर. मंजूर कागद एक सांगतोय, विहीर दुसरंच सांगतेय, काम बंद करून किनाऱ्यावर फोन आणि सगळ्या अडसरांचा नव्याने हिशोब व्हायला हवा होता. प्रत्यक्षात चर्चा झाली ती गंजलेल्या आट्यांवर. कॅप नसल्याने १३-३/८ चे आटे खराब झालेले, ते साफ करायचे तर ९-५/८ ची कॅप मधे येते, म्हणून तीही काढली. आटे साफ झाले. कॅप परत बसवली नाही. आणि रिगचा डेरिक (खोदकामाचा मनोरा) शेजारच्या एच-४ विहिरीवर सरकवला. विहिरीच्या तोंडावर बीओपी (उसळी रोखणारं झडपांचं यंत्र) नाही, कॅप नाही, प्लग नाही.

दुसऱ्या दिवशी, २१ ऑगस्टला पहाटे साडेपाचच्या सुमाराला एच-१ ने ४०-६० बॅरल बाहेर टाकलं आणि गप्प झाली. दोनेक तासांत परत उसळली आणि मग थांबलीच नाही. ६९ माणसं सुखरूप उतरवली हे त्यातलं एकमेव धड झालेलं काम. दुसरी रिग सिंगापूरहून आणून बाजूने रिलीफ वेल, म्हणजे उसळलेल्या विहिरीला खाली गाठून शांत करणारी विहीर, खणायला घेतली, अडीच किलोमीटरहून खोल जाऊन २५ सेंटिमीटरच्या पाईपला गाठायचं, ते पाचव्या प्रयत्नात जमलं. त्या शेवटच्या झटापटीत १ नोव्हेंबरला वेस्ट अॅटलसने पेट घेतला. ३ नोव्हेंबरला विहीर शांत झाली. ७४ दिवस. कंपनीचा अंदाज दिवसाला ४०० बॅरल तेलाचा, खरा आकडा त्याहून मोठा असू शकतो असं सरकारी भूवैज्ञानिकांचं म्हणणं होतं.

चौकशी आयोग डेव्हिड बोर्थविक यांचा. रिपोर्ट जून २०१० मधे सरकारला दिला, नोव्हेंबरमधे लोकांसमोर आला, १०० निष्कर्ष आणि १०५ शिफारशी. कंपनीवर तर ताशेरे आहेतच, कंपनीची कामाची पद्धतच इतकी ढिसाळ होती की हे कधीतरी होणारच होतं अशा अर्थाचे. पण खात्याबद्दल जे लिहिलंय ते आमच्यासारख्यांना जास्त लागतं : त्यांनी जबाबदारी कमीत कमी हात लावून पार पाडली, ऑपरेटर आणि त्यांच्यातलं नातं नको इतकं सुखाचं झालं होतं, आणि ज्या पद्धतीने ते काम करत होते त्यात कंपनीच्या खराब सवयी सापडण्याची शक्यताच कमी होती.

इथे भाचा उसळतो. ‘मावशी, असं काय करतेस, खात्यातल्या माणसाने काय हेलिकॉप्टरने जाऊन टोपणं मोजायची का? ऑपरेटरने लिहून दिलं दोन बसवतो, याने दोनला परवानगी दिली, न बसवणारा गुन्हेगार.’ मुद्दा अगदी चुकीचा नाही. मंजुरी देणाऱ्याने रिगवर जाऊन प्रत्येक आटा बघावा अशी अपेक्षा जगात कुठेच नसते, तेवढी माणसंही नसतात. पण मंजुरी कशाला दिली हे बघा. सिमेंट प्लग खाली उतरतो, त्याच्यावर वजन टाकून आणि प्रेशर चढवून तपासता येतो, त्याचा चार्ट निघतो. तो काढून त्या जागी कॅप मंजूर करताना सगळ्यात पहिला प्रश्न हाच यायला हवा की हिची टेस्ट कशी करणार, आणि ती झाल्याचा कागद मला कधी पाठवणार. हा प्रश्न विचारायला हेलिकॉप्टर लागत नाही. तो विचारला असता तर कॅप बसवल्याचा पुरावा द्यायची वेळ आली असती, आणि एकच बसलीय हे तिथेच उघडं पडलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मूळ प्रोग्राम सगळे वाचतात. तो जाडजूड असतो, मीटिंग होते, नकाशे पसरले जातात, चार लोक सह्या करतात. बदलाचा कागद मात्र एक-दोन पानांचा, बहुतेक वेळा रिग उभी असताना आलेला, वर ‘अर्जंट’ लिहिलेला, आणि त्यात फक्त जे बदललं तेवढंच असतं. मूळ प्रोग्राममधल्या कुठल्या गोष्टीचा आधार त्या बदलाने काढून घेतला हे त्यात कधीच लिहिलेलं नसतं. ते वाचणाऱ्यालाच शोधावं लागतं. मोंटारात वरचा प्लग काढून टाकल्यावर सगळा भार बुडाच्या सिमेंटवर आला, आणि त्या सिमेंटची कहाणी वेगळ्याच कागदात होती.

मेक्सिकोच्या आखातात पुन्हा तेच दिसतं. १६ एप्रिल २०१० ला बीपीने विहीर तात्पुरती बंद करायच्या पद्धतीत बदलाचा अर्ज दिला, त्यात सिमेंट प्लग समुद्रतळाच्या ३,३०० फूट खाली, नेहमीपेक्षा खूपच खोल. तिथल्या एमएमएस या मंजुरी देणाऱ्या खात्याने तो त्याच दिवशी, दीड तासाच्या आत मंजूर केला. चार दिवसांनी काय झालं ते सगळ्यांना माहितीये. आणि ज्या निगेटिव्ह प्रेशर टेस्टच्या (वरचं प्रेशर उतरवून खालून काही येतंय का बघायच्या) चुकीच्या वाचनावर एवढं रामायण झालं ती टेस्ट तेव्हा तिथल्या नियमात सक्तीची नव्हतीच, ती नंतर आली.

आता आपल्याकडे. समुद्रातल्या विहिरीला आपल्याकडे एकच खिडकी नाही. कामाचा कार्यक्रम आणि खर्च डीजीएचच्या (हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या) नजरेखालून जातो, सुरक्षेसाठी २००८ चे ऑफशोअर सेफ्टीचे नियम आणि त्यांचा अधिकार ओआयएसडीकडे (तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे), पर्यावरणाची मंजुरी वेगळी, लॉगिंगच्या, म्हणजे विहिरीतले थर तपासायच्या, रेडिओअॅक्टिव्ह सोर्सला एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ), परफोरेटिंगच्या, म्हणजे केसिंगला भोकं पाडायच्या, स्फोटकांना पेसो ही स्फोटकांची सरकारी संस्था, परदेशी रिग असेल तर संरक्षण खात्याचं क्लिअरन्स. नवीन माणूस ही यादी बघून घाबरतो आणि मग सगळा जीव कागद गोळा करण्यातच घालवतो. मला भीती त्याचीच वाटते. इतके शिक्के जमले की प्रत्येक शिक्क्यामागचा माणूस समजतो विहीर दुसऱ्याने बघितली असेल. जमिनीवर तर खातंच वेगळं, डीजीएमएस (खाण सुरक्षा महासंचालनालय), पण २०२० मधे आसामात बागजानला वर्कओव्हर, म्हणजे जुन्या विहिरीची दुरुस्ती, चालू असताना विहीर उसळली तेव्हा चौकशीत बोट ठेवलं गेलं ते ओळखीच्याच जागी, की बीओपी काढलं तेव्हा खालचा सिमेंट प्लग भरवशाचा आहे याची खात्री करून घेतलेली नव्हती. तिथे आग विझवणारे दोघं गेले.

ऑस्ट्रेलियाने पुढे विहिरीची आणि माणसांची देखरेख एकाच छपराखाली आणली, पर्यावरणही त्यातच घातलं, १ जानेवारी २०१२ पासून ती संस्था नोप्सेमा म्हणून चालते. कंपनीने गुन्हा कबूल केला, २०१२ मधे डार्विनच्या कोर्टाने ५ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, जो एवढ्या प्रकरणाला अगदीच किरकोळ. खरा पैसा गेला तो इंडोनेशियाच्या बाजूला, तिथल्या समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या १५ हजारांहून जास्त शेतकऱ्यांनी ऑस्ट्रेलियात दावा लावला होता, २०२१ मधे कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०२२ मधे १९ कोटी २५ लाख डॉलरवर तडजोड झाली. मंजुरी देणाऱ्या खात्याच्या टेबलावर तो अर्ज आला तेव्हा या शेतकऱ्यांचा विचार कोणाच्या मनात आला असेल असं मला वाटत नाही.

मधे एका क्लायंटचा असाच बदलाचा कागद आला. पश्चिम किनाऱ्यावरची विहीर, वरचं ख्रिसमस ट्री, म्हणजे तोंडावरची उत्पादनाच्या झडपांची जोडणी, बदलायचं, मूळ प्रोग्राममधे खाली सिमेंट प्लग आणि वर बॅक प्रेशर व्हॉल्व्ह, बदलात सिमेंट प्लग जाऊन वायरलाईनने, म्हणजे तारेवर सोडून, बसवायचा प्लग. बदल गैर नव्हता, मीही कदाचित तोच सुचवला असता. फाईल भाच्याकडे होती आणि त्याने बॅरियरच्या, म्हणजे अडसरांच्या, तक्त्यात एका रकान्यावर पेन्सिलने गोल केला होता. मूळ तक्त्यात त्या रकान्याचं नाव ‘टेस्टेड’ होतं, बदललेल्या तक्त्यात ‘इन्स्टॉल्ड’. खाली दोन हिरव्या टिका. कोणी मुद्दाम केलं असेल असं नाही, दुसऱ्या कुठल्या तरी फाईलमधून तक्ता चिकटवला असेल.

आम्ही इनफ्लो टेस्टचा चार्ट मागितला, म्हणजे प्लगच्या वरचं प्रेशर उतरवून खालून काही येतंय का ते बघितल्याचा. क्लायंटचे साहेब फोनवर वैतागले, ‘बेन, रिग ऊभी छे, एक चार्ट माटे?’ रिगचं भाडं कोणाच्या खिशातून जाणार हेही ऐकवलं. चार्ट आला. अर्धा तास रेघ अगदी सरळ, प्लग उत्तम धरत होता. तारीख, वेळ, सही सगळं होतं, फक्त ज्या गेजवर तो काढला त्याच्या कॅलिब्रेशनची मुदत संपलेली होती, म्हणून तो परत पाठवला.